गाडी भंगारात का जाते?

२०२१च्या पावसाळ्यात मी साताऱ्याला घरी एक पार्सल पाठवलं. आत साठ कॅप्सूलची बाटली होती, लेबलवर 'अँटी-एजिंग' लिहिलेलं. पप्पा नुकतेच एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि मला पहिल्यांदाच बरा पगार मिळत होता. फोनवर मी त्यांना म्हणाले, "पप्पा, ही गुडघ्याची गोळी नाही. सगळ्या दुखण्यांचं मूळ म्हातारपण. ही त्या मुळावर काम करते."

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. पप्पांना चक्कर आली होती. दवाखान्यात वरचं बीपी १८० निघालं. मग कळलं की त्यांनी बीपीची रोजची गोळी बंद केली होती. हिशोब मेकॅनिकचा होता: मूळ बिघाड काढला की बाकीचे आवाज आपोआप थांबतात. मुळावरच औषध चालू आहे, मग वरवरची गोळी कशाला?

पप्पा आता ठीक आहेत. चूक माझी होती. बीपीची गोळी बंद करा असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, बाटलीवरही नव्हतं. पण 'सगळ्याचं मूळ म्हातारपण' हे वाक्य इतक्या सहज माझ्या तोंडात आलं कुठून, हा प्रश्न सुटेना. तो शोधताना मी त्या वर्षी वाचलेल्या एका पुस्तकाकडे परत गेले, मग तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पुस्तकाकडे, आणि मग या दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या, सत्तर वर्षं जुन्या प्रश्नाकडे.

*

पहिलं पुस्तक म्हणजे डेव्हिड सिंक्लेअर यांचं 'लाइफस्पॅन' (२०१९). सिंक्लेअर हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये जनुकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. आपण म्हातारे का होतो आणि व्हायची गरज का नाही, अशा अर्थाचं उपशीर्षक मुखपृष्ठावरच आहे. पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: म्हातारपण हा आजार आहे, त्याला आजार म्हणून मान्यता द्यायला हवी, आणि त्याचं मूळ कारण एक आहे. माहिती हरवणं.

माझ्यासारखीने हे वाचलं की ती तिथेच अडकते. सिंक्लेअर सांगतात की डीएनए ही डिजिटल माहिती आहे. चार अक्षरांत लिहिलेली, भरपूर टिकणारी. पण कुठल्या पेशीत कुठला जनुक चालू आणि कुठला बंद, हे ठरवणाऱ्या ज्या रासायनिक खुणा असतात, म्हणजे एपिजीनोम, ती मात्र अ‍ॅनालॉग माहिती आहे. डीएनए तुटला की दुरुस्तीसाठी काही प्रथिनं आपली जागा सोडून धावतात. दुरुस्ती करून परततात, पण सगळी बरोबर जागेवर परतत नाहीत. वर्षानुवर्षं हे चालतं आणि खुणा पुसट होतात. त्वचेच्या पेशीला आपण त्वचेची आहोत याचा हळूहळू विसर पडतो. डीव्हीडीवर ओरखडे पडावेत तसं. गाणं आत शाबूत आहे, फक्त वाचता येत नाही. ओरखडे पुसले की झालं. क्लॉड शॅनन यांचा १९४८चा माहितीचा सिद्धांत आम्ही इंजिनिअरिंगला परीक्षेपुरता शिकलो होतो. तो इथे आयुष्याचं कोडं सोडवायला आलेला पाहून मला शाळेतला मित्र टीव्हीवर दिसल्यासारखा आनंद झाला.

पुस्तकाचं बळ फक्त उपमेत नाही, हे आधी सांगायला हवं. शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये दाखवलं होतं की चार प्रथिनांच्या साहाय्याने प्रौढ पेशीला पुन्हा मूळ, कोऱ्या अवस्थेत नेता येतं. २०१२चं नोबेल त्यांना याच कामासाठी जॉन गर्डन यांच्यासोबत विभागून मिळालं. 'लाइफस्पॅन' आल्यावर वर्षभराने, डिसेंबर २०२०मध्ये, सिंक्लेअर यांच्या गटाने त्या चारपैकी तीन वापरून उंदरांची गेलेली दृष्टी काही प्रमाणात परत आणल्याचं 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. याला थाप म्हणता येत नाही.

पुस्तकातला आणखी एक मुद्दा आजही पटतो. आपण कॅन्सर, हृदयविकार, मधुमेह असे आजार एकेक करून लढतो. पण उद्या कॅन्सर पूर्ण नाहीसा झाला तरी माणसाचं सरासरी आयुष्य फार थोड्या वर्षांनीच वाढेल, कारण रांगेत दुसरं काहीतरी उभंच असतं. १८२५मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी विम्यासाठी मृत्यूचे तक्ते मांडले, तेव्हाच दिसलं होतं की तरुणपणानंतर मरणाचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होत जातो. आजच्या माणसांसाठी हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. आजार वेगवेगळे आणि चढ एकच, तर चढाकडे बघायला नको का? प्रश्न रास्त आहे.

पण 'चढ एक' यावरून 'कारण एक' असं म्हणता येत नाही. सिंक्लेअर इथे उडी मारतात, आणि त्यांच्या मागोमाग मीही मारली होती.

*

आमच्याकडे बग नोंदवायचा तर दोन रकाने भरावे लागतात: काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. पहिला रकाना रिकामा ठेवला तर टेस्टर तिकीट परत पाठवतो. आता सत्तर वर्षांच्या गुडघ्याचं तिकीट भरून बघा. काय झालं ते लिहिता येतं: कूर्चा झिजली. काय व्हायला हवं होतं? ते कुठे लिहिलंय? सत्तराव्या वर्षी गुडघा कसा चालावा हे कुणी, कधी ठरवलं होतं?

'हरवलेली माहिती', 'ओरखडे', 'बॅकअप' हे सगळे शब्द गृहीत धरतात की कधीतरी एक बरोबर प्रत होती, आणि ती कायम टिकावी असा हेतू होता. विशीतलं शरीर ही मूळ प्रत आणि पुढचं सगळं बिघाड. उपमा इथे गुपचूप एक उत्तर आत सरकवते.

यापेक्षा वेगळं उत्तर १९५१मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीटर मेडावार यांनी एका व्याख्यानात दिलं होतं. त्यांनी माणसांऐवजी परीक्षानळ्या घेतल्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या हातातून पडून फुटतात. जुनी नळी नवीपेक्षा लवकर फुटते असं काही नाही, सगळ्यांचा धोका सारखा. तरी कपाटात जुन्या नळ्या कमीच असणार, कारण जितके दिवस जास्त, तितक्या वेळा पडण्याची शक्यता जास्त.

मी हे एका रात्री चार ओळींचा प्रोग्राम लिहून पाहिलं. १००० नळ्या, दर महिन्याला दहा टक्के फुटतात असं धरलं. दहा महिन्यांनी सुमारे ३४९ उरतात, वीस महिन्यांनी १२२, पन्नास महिन्यांनी पाच. आता समजा या नळ्यांना पिल्लं होतात, आणि एखाद्या जनुकामुळे पन्नासाव्या महिन्यात नळीला तडा जातो. तो जनुक पुढच्या पिढीतून कोण गाळणार? पन्नासाव्या महिन्यापर्यंत उरतंच कोण? उलट, दुसऱ्या महिन्यात तडा देणारा जनुक लगेच गाळला जाईल. म्हणजे नैसर्गिक निवडीची नजर तरुणपणी तीक्ष्ण असते आणि वयाबरोबर अधू होत जाते. तिच्या अंधारात वाईट जनुक साठत राहतात.

१९५७मध्ये जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने यात एक कडू भर घातली. समजा एखादा जनुक तरुणपणी हाडांत कॅल्शियम भराभर जमवतो आणि तोच म्हातारपणी रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठवतो. (उदाहरण त्यांचंच, कल्पित.) निवड असा जनुक नुसता सोडून देणार नाही, त्याला बढती देईल. फायदा आज अनेकांना मिळतो, किंमत उद्या थोड्यांना मोजावी लागते. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात: आजचं रिलीज वेळेत जावं म्हणून उद्याच्या माथी मारलेलं काम.

आणि १९७७मध्ये टॉम कर्कवूड यांनी तिसरा तुकडा जोडला. ते गणित शिकलेले. त्यांनी ऊर्जेचा हिशोब मांडला. शरीराकडे अन्न मोजकं. ते वाढीला द्यायचं, पिल्लांना द्यायचं की दुरुस्तीला? रानातला उंदीर बहुतेकदा वर्षभरात थंडीने, भुकेने नाहीतर घुबडामुळे मरतोच. त्याच्या शरीरात दहा वर्षं टिकेल अशी दुरुस्ती करणं म्हणजे अन्न वाया घालवणं. उलट वटवाघूळ उडून जाऊ शकतं, त्याला खाणारे कमी, म्हणून त्याच्यात दुरुस्तीवर खर्च परवडतो. ब्रँट्स बॅट नावाचं, उंदरापेक्षाही हलकं, जेमतेम सात ग्रॅमचं वटवाघूळ रानात ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे.

*

त्या दिवाळीत मी पप्पांना हे सगळं सांगत होते. वटवाघळापर्यंत ते ऐकत होते, मग म्हणाले, "हे तू मला काय सांगतेस? गाडी भंगारात का जाते माहीत आहे का तुला?"

"झिजली म्हणून?"

"झिजली तर पार्ट बदलायचा. इंजिन उतरवून नवं बसवायचं. चॅसीला तडा गेला तर वेल्डिंग मारायचं. दुरुस्त होत नाही अशी गाडी मी तीस वर्षांत बघितली नाही. एका हद्दीनंतर तिच्यावर खर्च करणं परवडत नाही, तेवढ्या पैशात नवी पळते. मग लिलाव."

कर्कवूड यांचा सिद्धांत मी इतक्या कमी शब्दांत कुठे वाचलेला नाही. मग पप्पांनी असा प्रश्न विचारला की मी अडले: "पण गाडीचं ठरवायला साहेब असतो. शरीराचं कोण ठरवतं?"

कोणीच नाही. हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. वर्कशॉप नाही, साहेब नाही, बजेट मांडणारा नाही. ज्यांच्या शरीरात खर्चाची विभागणी जरा बरी जमली त्यांची पिल्लं जास्त उरली, एवढंच. आम्ही बोलताना 'निसर्गाने ठरवलं' असं म्हणतो, माझ्या वरच्या परिच्छेदांतही 'नजर' आणि 'बढती' आलीच. भाषा आपल्याला साहेब शोधायला लावते. म्हणून 'बग' ऐवजी मी फार तर 'कधीच टेस्ट न झालेला कोड' म्हणेन, आणि तेही घाबरत. कारण कोड म्हटलं की लिहिणारा आलाच.

हे सगळं सुरस कथा म्हणून सोडून देता येईल, पण त्यातून निघणारी भाकितं तपासता येतात. शिकारी कमी झाले तर म्हातारपण हळूहळू लांबायला हवं. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सापेलो बेटावर ओपॉसम नावाचे पिशवीवाले प्राणी पाहिले. ते काही हजार वर्षं मुख्य भूमीपासून तुटलेले, आणि बेटावर त्यांना खाणारे मोठे शिकारी नाहीत. १९९३मध्ये त्यांनी दाखवलं की बेटावरचे ओपॉसम मुख्य भूमीवरच्यांपेक्षा जास्त जगतात, एका वेळी कमी पिल्लं देतात, आणि त्यांच्या शेपटीतल्या स्नायुबंधांतलं कोलॅजनसुद्धा हळू म्हातारं होतं. हरवलेली माहिती कुणी परत आणून दिली नव्हती. जगण्याचा धोका बदलला आणि हिशोब बदलला.

*

आता 'मूळ एकच' या दाव्याकडे परत येऊ. विल्यम्स यांच्या तर्कातून सरळ निघतं की म्हातारपण एका ठिकाणी नसणार. एखादा अवयव इतरांच्या फार आधी कोसळत असेल तर निवड त्याच्यावर काम करेल, तो बाकीच्यांच्या बरोबरीने येईपर्यंत. म्हणजे सगळं थोडंथोडं, एकाच सुमारास बिघडणार. चढ एक दिसतो तो यामुळेही दिसू शकतो. २०१३मध्ये कार्लोस लोपेझ-ओटिन आणि सहकाऱ्यांनी म्हातारपणाची नऊ लक्षणं मांडली, २०२३मध्ये त्यांनीच ती बारा केली. सिंक्लेअर यांच्या मते ही सगळी माहिती हरवण्याचीच फळं आहेत. पण एपिजीनोमचा बिघाड त्या यादीत बारापैकी एक म्हणून येतो.

सिंक्लेअर यांच्या गटाचा सगळ्यात चर्चेतला पुरावा २०२३च्या जानेवारीत 'सेल'मध्ये आला. उंदरांच्या डीएनएत मुद्दाम तुकडे पाडले, अक्षरं न बदलता. एपिजीनोम विस्कटला आणि उंदीर म्हाताऱ्यासारखे झाले. प्रयोग सुंदर आहे. पण मी सर्व्हरची डिस्क मुद्दाम भरली तर सर्व्हर बंद पडतो. त्यावरून गेल्या आठवड्यात बंद पडला तो डिस्क भरल्यामुळेच, असं मी मॅनेजरला सांगितलं तर तो मला लॉग बघायला पाठवेल. या वाटेने म्हातारपण येऊ शकतं आणि याच वाटेने येतं, ही दोन वेगळी विधानं आहेत.

एकाच मुळाची ही पहिली गोष्ट नाही. १९५६मध्ये डेनम हार्मन यांनी फ्री रॅडिकलना जबाबदार धरलं, आणि पुढे अँटिऑक्सिडंट हा शब्द बिस्किटांच्या पुड्यांपर्यंत पोहोचला. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर, कॅन्सर टळतो का हे पाहायला, मोठी चाचणी झाली. १९९४मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. मग टेलोमिअर, गुणसूत्रांची टोकं, पेशीगणिक झिजणारी. २००९चं नोबेल त्यावरच्या कामाला मिळालं आणि ते योग्यच आहे. पण प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसापेक्षा लांब असतात आणि तो जगतो दोन-तीन वर्षं. रेड वाइनमधलं रेस्व्हेराट्रॉल ही सिंक्लेअर यांच्याच कामातून पुढे आलेली आशा. त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली सर्ट्रिस कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८मध्ये ७२ कोटी डॉलरना घेतली आणि २०१३मध्ये बंद केली. चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांना रेस्व्हेराट्रॉलचा फायदा दिसला होता, पण साधं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य अमेरिकन सरकारी चाचणीत वाढलं नाही. प्रत्येक वेळी जे सापडलं ते खरं होतं. चूक ते 'एकमेव' म्हणण्यात झाली.

पण विल्यम्सही पूर्ण बरोबर ठरले नाहीत, हे न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. त्यांच्या मते तारुण्याचा झरा शोधणं जवळपास व्यर्थ होतं. १९९३मध्ये सिंथिया केन्यन यांनी एका सूक्ष्म कृमीतला एकच जनुक बदलून त्याचं आयुष्य दुप्पट केलं. २००९मध्ये रॅपामायसिन हे औषध उंदरांना, आपल्या साठीच्या वयात सुरू करूनही, जास्त जगवतं असं दिसलं. म्हणजे बटणं आहेत. मात्र तशाच दुसऱ्या एका दीर्घायुषी जातीचे कृमी साध्या कृमींबरोबर वाढवले आणि मधूनमधून उपाशी ठेवले, तर पिढ्यांमागून पिढ्यांत दीर्घायुषी मागे पडून नाहीसे झाले. बटण दाबता येतं, त्याचं बिल कुठेतरी येतं. सुखवस्तू माणसाला ते बिल परवडेलही. पण 'बिल नाही' असं म्हणणाऱ्याकडून औषध घेऊ नये.

*

दुसरं पुस्तक वेंकी रामकृष्णन यांचं 'व्हाय वी डाय' (२०२४). चिदंबरमला जन्म, बडोद्यात शिक्षण, पीएचडी भौतिकशास्त्रात आणि २००९चं नोबेल रायबोसोमच्या रचनेसाठी रसायनशास्त्रात. म्हातारपण हा त्यांचा धंदा नाही, आणि तेच पुस्तकाचं बळ आहे. प्रत्येक दाव्यापाशी ते थांबतात: हे कशात दिसलं, कृमीत, उंदरात की माणसात? विकणारा कोण? उत्क्रांतीचा मुद्दा ते पहिल्याच प्रकरणात घेतात, आणि शेवटी विचारतात की आयुष्य लांबलं तर ते कुणाचं लांबेल, श्रीमंतांचं की सगळ्यांचं. 'लाइफस्पॅन' वाचून मी कार्ड काढलं होतं. 'व्हाय वी डाय' वाचून परत ठेवलं.

तक्रार मात्र आहे. पहिल्या प्रकरणानंतर उत्क्रांती बरीचशी मागे पडते. मग डीएनए, टेलोमिअर, प्रथिनं, माइटोकॉन्ड्रिया अशा खोल्यांमागून खोल्या येतात. प्रत्येक खोली नीट झाडलेली, पण घराचा नकाशा हातातून सुटतो. दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'का' आहे आणि आतली बहुतेक पानं 'कसं' सांगतात. सिंक्लेअर यांना 'कसं'चं एक उत्तर मिळालं आणि त्यांनी ते 'का'च्या जागी ठेवलं. रामकृष्णन यांना 'कसं'ची अनेक उत्तरं माहीत आहेत आणि ती मांडताना 'का' निसटतो. मला हवं असलेलं पुस्तक, ज्यात प्रत्येक खोलीत शिरताना मेडावार यांच्या नळ्या सोबत असतील, ते अजून वाचायला मिळालेलं नाही.

तरी कुणी विचारलं तर मी दोन्ही वाचायला सांगेन, आधी रामकृष्णन. 'लाइफस्पॅन'मधली सगळ्यात पटणारी पानं सिंक्लेअर यांच्या वडिलांबद्दलची आहेत. मुलाप्रमाणे तेही गोळ्या घेऊ लागतात आणि पुन्हा हिंडूफिरू लागतात. ती पानं मी आता शास्त्र म्हणून वाचत नाही. एका मुलाला बाप म्हातारा व्हायला नको आहे, एवढंच मला त्यात दिसतं. ते मला चांगलंच कळतं. मीही तेच पार्सल पाठवलं होतं.

पप्पांना मी शेवटी सांगितलं की मूळ एक नसावं, अनेक असावीत, आणि प्रत्येकाची वेगळी दुरुस्ती. त्यांना यात नवीन काही वाटलं नाही. वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचा तक्ता असायचा, म्हणाले, अमुक किलोमीटरला ऑइल, तमुकला ग्रीस, ब्रेक वेगळा, क्लच वेगळा. सगळ्याला एकच औषध आहे म्हणणाऱ्या मेकॅनिकला आम्ही गाडीला हात लावू दिला नसता. मग उठून त्यांनी बीपीची गोळी घेतली. कॅप्सूलची बाटली रिकामी करून आईने त्यात मोहरी भरली आहे.